पथदिवे, नव्या निवासी वसाहतींतील
नव्या वसाहतीतील रस्ते, पायवाटा, जिने, उद्याने व प्रवेशद्वारे रात्री निर्धास्तपणे वापरता यावीत म्हणून केलेली दिवाबत्तीची सोय.

*कायदेशीर स्थान* : स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ पथदिव्यांची गणना रस्ते, गटारे व पाणीपुरवठ्याबरोबर प्रकल्पाच्या ‘अंतर्गत विकासकामां’त करतो. त्यामुळे मंजूर नकाशात दाखवलेले दिवे हा घराच्या व्यवहाराचाच भाग ठरतो. ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत कामाचा दर्जा किंवा सेवा यांतील दोष निदर्शनास आणल्यास विकसकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दूर करायचा असतो. महाराष्ट्रात यासंबंधीची तक्रार राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे (महारेरा) करता येते. सार्वजनिक रस्त्यांवरील दिवाबत्ती हे महानगरपालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. मात्र ले-आऊटमधील रस्ते तिच्या ताब्यात जाईपर्यंत देखभाल व वीजबिल विकसक किंवा रहिवासी यांच्याकडे राहते. जबाबदारी कोणाची हे लेखी ठरलेले नसेल, तर याच मधल्या काळात खांब असूनही वसाहत अंधारात राहते.

*प्रकाशमान* : आयएस १९४४ या भारतीय मानकानुसार बऱ्यापैकी वाहतुकीच्या दुय्यम रस्त्यांसाठी (गट ब-१) सरासरी ८ लक्स, तर तुरळक वाहतुकीच्या रस्त्यांसाठी (गट ब-२) ४ लक्स प्रकाश अपेक्षित आहे. दोन्ही गटांत किमान व सरासरी प्रकाशाचे गुणोत्तर ०.३ असावे लागते. सरासरी गाठूनही दोन खांबांमध्ये गडद पट्टा उरला, तर रस्ता मानकात बसत नाही. झाडांच्या फांद्या दिव्याआड येणार नाहीत, हेही आखणीतच पाहावे लागते.

*सुरक्षितता* : वेल्श व फॅरिंग्टन या गुन्हेशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये अमेरिका व ब्रिटनमधील १३ अभ्यासांचा आढावा घेतला. सुधारित दिवाबत्तीच्या भागांत गुन्हे तुलनेने सुमारे २१ टक्क्यांनी घटल्याचे त्यात आढळले. ही घट दिवसाही दिसल्याने रहिवाशांची परिसराविषयीची आस्था वाढणे, हेही एक कारण मानले जाते. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक गृहवसाहतींत २०१६ मध्ये झालेल्या प्रयोगातही रात्री घराबाहेर घडणारे गंभीर गुन्हे कमी झाले. याउलट, इंग्लंड व वेल्समधील २०१५ च्या अभ्यासात पथदिवे कमी केल्याने गुन्हे वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. म्हणजे नुसती दिव्यांची संख्या पुरत नाही. शिकवणीहून परतणारी मुलगी किंवा रात्रपाळीचा कामगार ज्या वाटेने येतो, ती वाट उजळलेली असणे महत्त्वाचे. म्हणून हस्तांतरणापूर्वीची पाहणी रहिवाशांसह रात्री करणे आवश्यक ठरते.