खिंडीत अडकलेल्यांच्या बाजूनं

१ मे हा हिंगोलीत दोन वाढदिवसांचा दिवस असतो. १९६० साली महाराष्ट्र झाला तो या तारखेला, आणि १९९९ साली परभणीतून वेगळा निघून हिंगोली जिल्हा झाला तोही याच तारखेला. २०१९ च्या १ मे रोजी जिल्ह्याला वीस वर्षं पूर्ण झाली. त्याच दिवशी दुपारी, अख्खा विदर्भ आडवा ओलांडला की जो गडचिरोली जिल्हा लागतो, तिथल्या कुरखेडा तालुक्यात जांभूळखेड्याजवळ रस्त्यात पेरलेल्या भूसुरुंगाचा स्फोट झाला. गाडीत पोलिसांच्या शीघ्र कृती पथकाचे पंधरा जवान होते आणि गाडी चालवणारा एक स्थानिक माणूस. सोळाच्या सोळा जण गेले.

त्या पंधरांपैकी एक जवान आमच्या औंढा नागनाथ तालुक्यातला होता. कुणी बुलडाण्याचा, कुणी बीडचा, आणि बरेच जण गडचिरोलीचेच.

मी हिंगोलीचा. इंजिनिअरिंग करून पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो. गणवेशाशी माझा संबंध एवढाच की माझ्या दहावीच्या वर्गातली निम्मी मुलं भरतीच्या मागे होती. पण जांभूळखेड्याबद्दल मी जसजसं वाचत गेलो, तसतसा एक प्रश्न मागे लागला. दबा धरून केलेल्या हल्ल्याची गोष्ट आपल्याला नवीन नाही, आपण तर त्यावरच वाढलो. मग ही गोष्ट ऐकताना आपण नेमके कुठे उभे असतो?

रात्रीची आग, दुपारचा स्फोट

आधी त्या दिवसाचा क्रम बघू. ३० एप्रिलच्या रात्री कुरखेडा तालुक्यातल्या दादापूर इथे माओवाद्यांनी रस्त्याच्या कामावरची वाहनं आणि यंत्रं पेटवून दिली. पुराडा ते येरकड या पट्ट्यात राष्ट्रीय महामार्गाचं काम चालू होतं, त्या कंत्राटदाराची ही वाहनं. वीसहून अधिक गाड्या जळाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी शीघ्र कृती पथक कुरखेड्याहून पुराड्याकडे निघालं. ते एका खासगी गाडीतून निघालं, सुरुंगापासून बचाव करणाऱ्या गाडीतून नाही. वाटेत लेंढारी नाल्याजवळ स्फोट झाला.

आमच्या कामात 'ऑन-कॉल' नावाचा प्रकार असतो. रात्री अडीचला सर्व्हर पडला की फोन वाजतो आणि ज्याची पाळी असेल तो उठून लॅपटॉप उघडतो. काय बिघडलं की कोणी काय करायचं, हे सगळं आधी लिहून ठेवलेलं असतं. ही शिस्त नसेल तर मोठी यंत्रणा चालूच शकत नाही. पण याच शिस्तीची दुसरी बाजू सायबर सुरक्षेतली माणसं सांगतात. आधी एक छोटा, दिसेल असा बिघाड करा, म्हणजे सगळे तिकडे धावतील. ते धावतील हे आपल्याला माहीत असतं, आणि कोणत्या दारातून धावतील हेही.

दादापूरची आग हा असा बिघाड होता. गाड्या जळाल्या म्हणजे पोलीस येणार. पोलीस येणार म्हणजे कुरखेड्याकडून येणार, आणि तिकडून यायला रस्ता कोणता हे गावातलं पोरही सांगेल. माझ्या चुकीच्या अंदाजानं एखादं संकेतस्थळ तासभर बंद पडतं. त्या रस्त्यावर अंदाज बांधणारा बरोबर निघाला की माणसं मरतात, एवढा दोन्हींत फरक आहे.

म्हणून नक्षलग्रस्त भागात एक साधा, कंटाळवाणा नियम आहे. गाडी पुढे जाण्याआधी रस्ता पायी तपासायचा. त्यासाठी वेगळी तुकडी असते, तिला 'रोड ओपनिंग पार्टी' म्हणतात. ती पूल बघते, मोऱ्या बघते, नुकतीच उकरलेली माती बघते. हे काम संथ आहे. ज्या दिवशी घाई असते त्या दिवशी हेच काम वगळावंसं वाटतं, आणि घाई व्हावी यासाठीच तर आदल्या रात्री आग लावलेली असते. जांभूळखेड्यानंतर प्रश्न विचारले गेले ते याच मुद्द्यांवर. गाडी खासगी का, एकाच गाडीत सगळे का, रस्ता तपासला होता का. एका अधिकाऱ्याचं निलंबन झालं, तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे म्हणजे एनआयएकडे गेला.

एकच वर्ष, तीन गावं

जांभूळखेडा अचानक घडलं नव्हतं. आंध्रातून नक्षलवाद्यांची पहिली पथकं गोदावरी-प्राणहिता ओलांडून इकडे आली ती १९८० मध्ये. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सिरोंचा भागात पेद्दी शंकर हा त्यांचा तरुण कार्यकर्ता पोलिसांच्या गोळीनं मेला. तेव्हा गडचिरोली जिल्हा अस्तित्वातही नव्हता, तो चंद्रपुरातून वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. तेंदूपत्त्याची मजुरी, बांबूचा भाव, जंगल खात्याचा जाच, हे तिथले प्रश्न खरे होते आणि सुरुवातीला नक्षलवाद्यांना थारा मिळाला तो त्यामुळेच. पण पुढे 'खबऱ्या' ठरवून मारलेल्या आदिवासींची यादी लांबत गेली. या चार दशकांत माओवाद्यांनी मारलेल्यांमध्ये पोलिसांपेक्षा सामान्य गावकरीच जास्त आहेत.

१९९० मध्ये पोलिसांनी स्थानिक तरुणांना घेऊन सी-६० हे पथक उभं केलं. जंगल, वाटा, गोंडी-माडिया बोली ज्यांना जन्मापासून माहीत, असे जवान. तरीही २००९ हे एक वर्ष बघा. १ फेब्रुवारीला धानोरा तालुक्यात मरकेगाव, पंधरा पोलीस. २१ मे रोजी त्याच तालुक्यात हत्तीगोटा, सोळा पोलीस, त्यात पाच महिला. ८ ऑक्टोबरला भामरागड तालुक्यात लाहेरी, सतरा पोलीस, तेही विधानसभेच्या मतदानाला पाच दिवस उरलेले असताना. तीन ठिकाणी मिळून अठ्ठेचाळीस. त्यानंतर मार्च २०१२ मध्ये पुस्टोला गावाजवळ केंद्रीय राखीव पोलीस दलाची बस सुरुंगानं उडवली गेली, बारा जवान गेले.

उलट बाजूही आहे. २२ एप्रिल २०१८ ला भामरागड तालुक्यात कसनासूर-बोरिया इथे इंद्रावतीकाठी सी-६० नं माओवाद्यांना गाठलं. त्या एका मोहिमेत चाळीसच्या आसपास माओवादी मारले गेले. त्या वेळी वाट अडवून बसलेले पोलीस होते आणि कोंडीत सापडलेले दुसरे. १३ नोव्हेंबर २०२१ ला मर्दिनटोल्याला सव्वीस मेले. त्यात त्यांच्या मध्यवर्ती समितीचा सदस्य मिलिंद तेलतुंबडे होता, आणि तो मूळचा आमच्या हिंगोलीला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यातला.

उंबरखिंडीत कोण होतं?

आता शाळेतल्या इतिहासाकडे येऊ. चौथीच्या पुस्तकानं आपल्या सगळ्यांच्या डोक्यात गनिमी काव्याचं एक चित्र कायमचं बसवलं आहे. वर कडे, खाली चिंचोळी वाट, वाटेवर शत्रूची रांग. मग वरून दगड, बाण, गोळ्या. या चित्रातला सगळ्यात नेमका प्रसंग म्हणजे उंबरखिंड, २ फेब्रुवारी १६६१.

पुण्यात तळ ठोकून बसलेल्या शाहिस्तेखानानं कारतलबखानाला कोकणात उतरायला सांगितलं. बोरघाटाची नेहमीची वाट सोडून तो आडवाटेनं, लोणावळ्याच्या बाजूनं उंबरखिंडीत उतरला. आज तिथे खालापूर तालुक्यातलं चावणी गाव आहे. शिवाजी महाराजांच्या हेरांनी ही बातमी आधीच पोचवली होती. मराठे दोन्ही बाजूंच्या झाडीत वाट बघत बसले. फौज खिंडीत पूर्ण शिरली आणि पुढचं-मागचं तोंड बंद झालं.

ही गोष्ट मी लहानपणी डझनभर वेळा ऐकली, आणि दर वेळी मी डोंगरावर होतो. तुम्हीही तिथेच असणार. गोष्ट सांगणारा आपल्याला तिथेच बसवतो, आणि त्यात वावगं काही नाही. आक्रमण करणाऱ्या फौजेविरुद्धची ती लढाई होती, माणसं आपली होती.

पण खाली, त्या रांगेत, आमच्या भागातली एक बाई होती. रायबागन. मूळ नाव सावित्रीबाई, माहूरच्या उदाराम देशमुख घराण्यातली. रायबागन हा मोगलांनी दिलेला किताब. माहूर आज नांदेड जिल्ह्यात आहे, हिंगोलीहून एका दिवसात देवीचं दर्शन घेऊन परत येता येतं. कवींद्र परमानंदाच्या शिवभारतात तिचा प्रसंग आहे. फौज तहानेनं व्याकूळ, वाट बंद, सेनापती गोंधळलेला. तेव्हा ती कारतलबखानाला स्पष्ट सुनावते की या जंगलात शिरलास हेच चुकलं, आता शरण जा. खानानं तिचं ऐकलं. महाराजांनी अभय दिलं, सामानसुमान आणि खजिना ठेवून घेतला आणि फौजेला जिवंत जाऊ दिलं.

या प्रसंगाकडे मी हल्ली वेगळ्या नजरेनं बघतो. उंबरखिंडीत दोन गोष्टी होत्या, ज्या जांभूळखेड्यात नव्हत्या. एक म्हणजे खिंडीत अडकलेल्यांमध्ये कुणीतरी होतं, ज्याला 'थांबा' म्हणता आलं आणि ज्याचं ऐकलं गेलं. दुसरं म्हणजे समोर माणूस होता, ज्याच्याकडे वकील पाठवता येत होता. भूसुरुंगाकडे वकील पाठवता येत नाही. गाडीतल्या माणसाला शरण जाण्याची संधीही नसते. म्हणून दोन्हींना 'गनिमी कावा' हा एकच शब्द लावणं मला पटत नाही. डावपेच सारखा दिसतो, पण शरण आलेल्याला सोडणारी लढाई आणि कुणाला काही विचारायलाच जागा न ठेवणारी लढाई या वेगळ्या गोष्टी आहेत.

दरीतून चालणारे

रायबागन हा अपवाद नव्हता. आमचा मराठवाडा पिढ्यानपिढ्या दुसऱ्याच्या फौजेला माणसं पुरवत आला. निजामाच्या राज्यात हिंगोलीला इंग्रजांची छावणी होती, हैदराबाद कंटिन्जंटची. सैन्य इंग्रज अधिकाऱ्यांचं आणि पैसा निजामाचा. त्याच खर्चापोटी १८५३ च्या तहात वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. १९०३ मध्ये कंटिन्जंट हिंदी लष्करात विलीन झाली आणि छावणी संपली.

आज हिंगोलीत राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ आहे. या बलाच्या तुकड्या निवडणूक असो, दंगल असो की गडचिरोली, जिथे पाठवतील तिथे जातात. इथल्या मुलांना दूरचं जंगल टीव्हीवरून नाही, शेजारच्या दादाच्या पोस्टिंगवरून कळतं.

आणि भरती म्हणजे काय, हे ज्यानं मराठवाड्यात पहाटे पाचचा रस्ता पाहिला आहे त्याला सांगायला नको. जिल्हा पोलिसांसाठी सोळाशे मीटर, राखीव बलासाठी पाच किलोमीटर, वर गोळाफेक. घरी दोन-तीन एकर कोरडवाहू, सोयाबीनचा भाव कधी वर तर कधी खाली. एक सरकारी नोकरी म्हणजे बहिणीचं लग्न आणि घरावर स्लॅब. ज्या दिवशी यादीत नाव लागतं त्या दिवशी गावात गुलाल उधळला जातो. त्या मुलांपैकी बहुतेकांना आपली धाव सेकंदापर्यंत पाठ असते. मरकेगाव, लाहेरी, जांभूळखेडा ही नावं त्यांना कुणी सांगितलेली नसतात.

पलीकडच्या बाजूचं चित्रही फारसं वेगळं नाही. दलममध्ये गेलेली बरीचशी पोरं गोंड आणि माडिया गावांतलीच, आणि सी-६० मधली बरीचशीही तिथलीच. एकाच बोलीत बोलणारी माणसं एकमेकांच्या वाटेवर बसलेली.

१५ ऑक्टोबर २०२५ ला गडचिरोलीत मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती या माओवाद्यांच्या सर्वोच्च नेत्यांपैकी एकानं साठ सहकाऱ्यांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली. पेद्दी शंकरच्या मृत्यूला तेव्हा पंचेचाळीस वर्षं होत आली होती. या लढाईतही अखेर कुणीतरी 'थांबा' म्हणालं आणि साठ जणांनी ते ऐकलं. उंबरखिंडीत हेच काही तासांत झालं होतं. इथे मधल्या काळात काय काय गेलं ते वर लिहिलंच आहे.

लढाई संपत आली की तिची गोष्ट तयार व्हायला लागते. त्यात विजय असेल, आकडे असतील, स्मारकावर फुलं असतील. माझी अपेक्षा फार मोठी नाही. हिंगोलीतल्या एखाद्या भरती अकादमीत, धावण्याचा सराव संपून मुलं घाम पुसत बसली असताना, कुणीतरी त्यांना उंबरखिंड सांगावी, पण या वेळी खालून, रायबागनच्या बाजूनं. आणि त्याच दमात दादापूरची आग आणि लेंढारीचा नाला सांगावा. रस्ता तपासल्याशिवाय गाडीत बसायचं नाही, हे वरिष्ठाला विचारायचा हक्क शिपायालाही आहे, एवढं त्यांना पहिल्या पगाराच्या आधी कळलेलं असावं.