वाकड्या आकड्यांचा इतिहास

संगणकाला चित्र ओळखायला शिकवायचं तर लाखो नमुने हवेत, असं आज सर्रास म्हटलं जातं. हस्तलिखित आकड्यांचा इतिहास मात्र वेगळं सांगतो. नमुने तुटपुंजे होते तेव्हा यंत्र सुधारलं ते कशाने आकडा बदलत नाही, हे माणसाने त्याच्या गळी उतरवल्यामुळे. १९८९ मध्ये बेल लॅब्जमधल्या यान लेकुन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या बफेलो टपाल कार्यालयातून गेलेल्या पाकिटांवरचे झिप कोड घेतले. शिकवणीला होते अवघे ७,२९१ आकडे. तेवढ्यावर निभावलं, कारण उभी रेघ चित्रात कुठेही असली तरी रेघच, ही समज न्यूरल नेटवर्कच्या रचनेतच बसवली होती.

पुढचं पाऊल मायक्रोसॉफ्टमधल्या पॅट्रिस सिमार्ड, डेव्ह स्टाइनक्राउस आणि जॉन प्लॅट यांचं, २००३ मधलं. त्यांनी रचनेऐवजी नमुनेच वाकवले. आकड्याचा प्रत्येक ठिपका यदृच्छेने जरासा सरकवायचा, शेजारचे ठिपके मात्र साधारण एकाच दिशेला जातील असं बघायचं. लिहिताना हाताचे स्नायू थरथरतात, त्याची ही नक्कल. ८०० पेशींचा एकच छुपा थर असलेल्या साध्या नेटवर्कची चूक त्याने १.६ टक्क्यांवरून ०.७ वर आली. यावर कोणी म्हणेल, जुन्याच आकड्यांच्या प्रती काढून नवी माहिती कुठून येणार? आकड्यांतून येत नाहीच, ती वाकवणाऱ्याकडून येते. म्हणून तर वाकवणं डोळे मिटून करता येत नाही. कुत्र्याचं चित्र आरशात उलटवलं तरी कुत्राच राहतो, पण देवनागरीतला ३ उलटवला की जवळपास ६ होतो, आणि यंत्र मुकाट्याने चुकीचंच शिकतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ओळखीची अक्षरं कितीही वाकवा, अनोळखी माणसाचं वळण त्यातून निघत नाही. हे खरंच आहे. अमेरिकेच्या मानक संस्थेने शिकवणीसाठी जनगणना खात्यातल्या कर्मचाऱ्यांचे आकडे नेमले होते आणि चाचणीसाठी शाळकरी मुलांचे. कर्मचाऱ्यांची अक्षरं नीटस, मुलांची गिचमीड. अशा परीक्षेच्या निकालावरून काही ठरवणं अवघड. तो पेच प्रती वाढवून सुटणारा नव्हताच. म्हणून लेकुन आणि मंडळींनी एमनिस्ट संच बांधताना दोन्ही गठ्ठे एकत्र केले आणि शिकवणीच्या ६०,००० आकड्यांत निम्मे कर्मचाऱ्यांचे, निम्मे मुलांचे ठेवले.