पुढे गेलेली माणसे



दर रविवारी मिस्सामध्ये विश्वासांगिकार म्हणताना शेवटी आपण मृतांच्या पुनरुत्थानाची आणि सार्वकालिक जीवनाची कबुली देतो. तोंडपाठ असल्यामुळे हे शब्द ओठांवरून चटकन निघून जातात. पण एके काळी आपल्या विश्वासातील पूर्वजांनी या शब्दांची किंमत जीव देऊन मोजली. मृतांसाठी प्रार्थना करण्याच्या या नोव्हेंबर महिन्यात आपण त्यांची आठवण करू या.

इ.स. २५० साली रोमन सम्राट डेसियसने सर्वांना देवांपुढे बलिदान करण्याची सक्ती केली. ख्रिस्ती लोकांचा छळ झाला. त्यातून ते सावरतात न सावरतात तोच साम्राज्यात भयंकर साथ पसरली. उत्तर आफ्रिकेतील कार्थेज शहराचे बिशप संत सिप्रियन यांनी तिची लक्षणे लिहून ठेवली आहेत: न थांबणारे जुलाब, उलट्या, डोळ्यांत उतरलेले रक्त, काहींचे सडून गेलेले हातपाय.

तेव्हा विश्वासणाऱ्यांनी बिशपांना एक प्रश्न विचारला. आम्ही प्रभूची माणसे, मग मूर्तिपूजकांसारखे आम्हीही का मरतो? घरात कुणी अकाली गेले की हाच प्रश्न आज आपल्याही तोंडी येतो. सिप्रियन यांचे उत्तर सरळ होते. या जगात आहोत तोवर आपले शरीर इतरांसारखेच आहे. श्रद्धा म्हणजे आजारातून सूट नव्हे. मात्र जे गेले ते हरवले नाहीत, ते आपल्या पुढे गेले आहेत. त्यांच्यासाठी व्याकूळ व्हावे, पण आशा नसलेल्यांसारखा शोक करू नये.

आता कुणी म्हणेल, खरे घर स्वर्गात आहे तर इथल्या दुःखाची चिंता कशाला? घडले नेमके उलटे. सिप्रियन यांचे चरित्र लिहिणारा त्यांचा डीकन पोंटियस सांगतो, की केवळ आपल्याच माणसांची सेवा करण्यात विशेष काही नाही, ज्यांनी आपल्याला छळले त्यांचेही भले करा, अशी शिकवण बिशपांनी दिली. इजिप्तमधील अलेक्झांड्रियाचे बिशप डायोनिसियस यांनी त्याच काळातील एका पत्रात लिहिले आहे, की अनेक लोक आजाऱ्यांना मरण्याआधीच रस्त्यावर टाकत होते, तेव्हा ख्रिस्ती बांधव त्यांची शुश्रूषा करीत होते. मृतांचे डोळे मिटून, त्यांना आंघोळ घालून ते मूठमाती देत आणि पुष्कळदा त्याच आजाराने स्वतःही जात.

हे आपल्याच बिशपांनी केलेले कौतुक आहे, असे कुणाला वाटेल. म्हणून विरोधकाचीही साक्ष पाहू. ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवांकडे वळलेला सम्राट ज्युलियन ३६१ ते ३६३ या काळात राज्य करीत होता. त्याच्या नावाने जपलेल्या एका पत्रात तो तक्रार करतो, की परक्यांशी माणुसकीने वागणे आणि मृतांच्या दफनाची काळजी घेणे यांमुळे हा पंथ वाढला.

दफनभूमीसाठी त्या ख्रिस्ती लोकांनी वापरलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थच झोपण्याची जागा असा होता. जो उठणार आहे, त्याला फेकून कसे देणार? त्याला जपूनच ठेवायला हवे. देह एक दिवस देवासमोर उभा राहणार आहे, या विश्वासामुळे त्यांना आजाऱ्याच्या अंगाची किळस वाटली नाही.

२५८ साली सिप्रियन यांचा ख्रिस्तासाठी शिरच्छेद झाला. मरणाविषयी त्यांनी इतरांना जे शिकवले होते, ते स्वतःच्या वेळीही खरे करून दाखवले.

कबरींवर मेणबत्त्या लावून आपण घरी परततो, तेव्हा धर्मग्रामात कुठे तरी अंथरुणाला खिळलेले एखादे म्हातारे माणूस दाराकडे डोळे लावून असते. मुलांना स्वर्गाविषयी शिकवताना आम्ही धर्मशिक्षकांनी त्यांना त्या दारापर्यंतही न्यायला हवे. सार्वकालिक जीवनावर आपला किती विश्वास आहे, हे तिथेच कळेल.

प्रभू आपल्या मृतांना चिरशांती देवो आणि आपल्याला त्यांच्या वाटेने चालण्याचे बळ देवो. आमेन.