प्रयोगशाळेतील वार : एक ऐतिहासिक टिपण

माता व गर्भ यांच्यामधील वार ही जणू अभेद्य भिंत होय, हा समज विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वैद्यकात बराच रूढ होता. पश्चिम जर्मनीत १९५७ साली विक्रीस आलेले थॅलिडोमाइड १९६१ मध्ये मागे घेण्यात आले. तोवर निरनिराळ्या देशांत हजारो अर्भके हातपाय खुंटलेली जन्मली होती. उंदरांत हा दोष सहसा उद्भवत नाही. त्यांच्या वारेची रचनाही मानवी वारेहून भिन्न असते. मानवी वारेचाच अभ्यास त्यामुळे अपरिहार्य ठरला.

प्रसूतीनंतर टाकून दिली जाणारी वार येथे कामी आली. तिच्या एका खंडात मातेच्या व गर्भाच्या बाजूंनी दोन स्वतंत्र प्रवाह खेळविण्याची पद्धती श्नायडर, पानिझेल व डॅन्सिस यांनी १९७२ मध्ये मांडली. याच पद्धतीने विक प्रभृतींनी २०१० मध्ये दाखविले की, पॉलिस्टायरीनचे २४० नॅनोमीटरपर्यंतचे कण वार ओलांडू शकतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये पातळ पटलाच्या दोन बाजूंस वारेच्या व गर्भवाहिनीच्या पेशी वाढवून तिची चिमुकली प्रतिकृती सिद्ध केली.

सूक्ष्मकणांत भरलेले औषध मातेस मिळावे, गर्भास मात्र त्याची बाधा होऊ नये, हा या प्रयत्नांचा एक प्रमुख हेतू. परंतु थॅलिडोमाइडने घात केला तो गर्भारपणाच्या आरंभीच्या आठवड्यांत. प्रयोगशाळेस लाभते ती बहुधा पूर्ण दिवस भरलेली वार. हे अंतर ध्यानी ठेवूनच तिची साक्ष ग्राह्य मानावी.