पुलगाव, ३१ मे २०१६: काही सेकंद आणि हायकोर्ट

३० मे, रात्र
विदर्भातला वैशाख. आगरगाव, नागझरीत माणसं अंगणात बाजा टाकून झोपलेली. कुंपणापलीकडे केंद्रीय दारूगोळा डेपो, देशातला सर्वांत मोठा. तिथल्या एका शेडमध्ये रणगाडाविरोधी सुरुंगांची रास. पुढे संशयाचं बोट गेलं ते अशाच सदोष सुरुंगांतून पाझरणाऱ्या टीएनटीकडे.

एकच्या सुमारास
शेडला आग लागते. अग्निशमन दलाची आणि संरक्षण सुरक्षा दलाची माणसं अधिकाऱ्यांसह आगीच्या दिशेनं जातात, आणि स्फोट होतो. आग त्या एका शेडपुरती राहिली, शेजारच्या शेड वाचल्या. आत गेलेले बरेचसे परतले नाहीत.

स्फोटानंतरची पहिली मिनिटं
त्या रात्री कुणी कुणाची छाती दाबली, यात मी शिरत नाही. अशा वेळचा नियम मात्र माहीत असावा. जखमी मोजके असतात तेव्हा हृदय थांबलेल्याकडे सगळे आधी धावतात. जखमींची रांग लागली की उलटं होतं: श्वासमार्ग मोकळा करून पाहायचा, तरीही श्वास नसेल तर पुढच्या माणसाकडे जायचं. मेंदूला प्राणवायूविना चार-सहा मिनिटंच मिळतात, आणि स्फोटाच्या दाबानं थांबलेलं हृदय सीपीआरनं क्वचितच पुन्हा चालू होतं. त्यावर घालवलेली दहा मिनिटं रक्तस्राव होणाऱ्या, वाचू शकणाऱ्या माणसाची असतात. हा निर्णय काही सेकंदांत होतो. कागद नाही, सही नाही, नातेवाईक नाहीत. निर्दयी वाटतो, पण मला तो प्रामाणिक वाटतो.

पहाट
आसपासच्या गावांतली माणसं घरं सोडून बाहेर पडलेली. जखमी सावंगी मेघेच्या आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयात. स्फोटाचा जखमी वरून धड दिसतो आणि फुफ्फुसं आतून फाटलेली असतात. काही तासांनी तो व्हेंटिलेटरवर जातो. इथे नियम बदलतो.

दिवसभर
संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर येतात. मृतांचा आकडा दोन अधिकाऱ्यांसह किमान १६ वर जातो.

आणि आता ती विचित्र गोष्ट. समजा, अशा एखाद्या जखमीचा मेंदू परत येणार नाही, हे अतिदक्षता विभागात स्पष्ट झालं. मग? अरुणा शानबाग प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मार्च २०११ च्या निकालानुसार, बेशुद्ध रुग्णाचं यंत्र काढायला हायकोर्टाची परवानगी लागत होती: किमान दोन न्यायमूर्ती, तीन डॉक्टरांचं मत. डेपोच्या मातीत एका माणसाच्या नजरेवर सुटणारा प्रश्न शंभरेक किलोमीटरवर हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापर्यंत पोचायचा. म्हणून कोर्टात कुणी जात नसे. ‘प्रयत्न चालू आहेत’ असं सांगितलं जायचं, किंवा नातेवाईक ‘घरी नेतो’ म्हणून सही करायचे.

नंतर
९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं वैद्यकीय इच्छापत्राला (मला यंत्रावर ठेवू नका, असं आधीच लिहून ठेवण्याला) मान्यता दिली, पण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही हवी होती. ती अट २४ जानेवारी २०२३ ला शिथिल झाली. नोटरी किंवा राजपत्रित अधिकारीही चालू लागला. ‘पुनरुज्जीवनाचा प्रयत्न नको’ हे कागदावर कसं नोंदवावं, याबद्दल भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) मार्गदर्शक तत्त्वं २०२० मधली.

मधल्या काळात, २० नोव्हेंबर २०१८ च्या सकाळी, पुलगावजवळ सोनेगाव आबाजीच्या मैदानावर जुना दारूगोळा नष्ट करण्यासाठी उतरवताना पुन्हा स्फोट झाला. सहा जण गेले, त्यांत बहुतेक आसपासच्या गावांतले मजूर. रोजीसाठी सकाळीच घर सोडणाऱ्या माणसानं इच्छापत्रावर सही घ्यायला न्यायदंडाधिकाऱ्याकडे कधी जायचं होतं?