द्यूतात हरलेला देव

खेळ आणि अद्भुत यांची सांगड घालून लोकांना हसविणे ही अलीकडची क्लृप्ती आहे, असा समज तरुण वाचकांत रूढ झालेला दिसतो. परदेशांत इंटरनेटवर प्रसिद्ध होणाऱ्या विनोदी चित्रमालिकांत जादूगार, राक्षस आणि फासे यांची रेलचेल असते, आणि येथे ग्वाल्हेरीस गोरखीच्या आसपास राहणारी आमची मराठी मुलेही त्या आवडीने वाचतात. त्यांतील काही खरोखर हसवितात, पुष्कळशा हसवीत नाहीत. असे का व्हावे, याचा विचार करू लागलो तेव्हा आम्हांस श्रीमंगेशाच्या स्थळकथेइतके दुसरे काही उपयोगी पडले नाही.

कथा वाचकांस ठाऊकच आहे. कैलासावर शिवपार्वती सारिपाट खेळत बसली. शंकर डावामागून डाव हरले, सर्वस्व पणास लागले, आणि अखेर कैलास सोडून ते गोमंतकात येऊन राहिले. पार्वती शोधीत आली. तिला भिवविण्यासाठी त्यांनी वाघाचे रूप घेतले. ‘त्राहि मां गिरीश’ असे म्हणावयाचे, ते भीतीने शब्दांत शब्द अडकून ‘मांगिरीश’ असे काहीसे तिच्या तोंडून निघाले. देव मूळ रूपात प्रकट झाले, आणि पत्नीची ती बोबडी त्यांनी आपले नाव म्हणून ठेवून घेतली.

यात हसू कोठे आहे? देव हरला एवढ्यात ते नाही. ज्याच्या तिसऱ्या डोळ्याने मदनाचे भस्म झाले, त्याला फाशांचे दान फिरविणे अवघड नव्हते. पण तो तसे करीत नाही. खेळाचा नियम मानतो, हरल्याचे देणे चुकते करतो, आणि मग एखाद्या गृहस्थाप्रमाणे रुसून घर सोडतो. सामर्थ्य अमर्याद आणि नियमापुढे मात्र निरुपाय, अशा कात्रीत देव सापडला म्हणून आपण हसतो. त्याने मध्येच चमत्कार करून डाव जिंकला असता, तर कथा अद्भुत राहिली असती, गमतीची राहिली नसती. १८७२ च्या करारकायद्याच्या ३० व्या कलमाने पैजेचा करार रद्दबातल ठरतो. हा मुद्दा कैलासावर काढण्यास आमच्या व्यवसायातील कोणी हजर नव्हते, हे गोमंतकाचे भाग्यच म्हणावयाचे.

वेरूळच्या २१ व्या लेण्यात, ज्याला रामेश्वर म्हणतात तेथे, हाच खेळ सहाव्या शतकातील कारागिराने दगडात खोदला आहे. वरच्या भागात शिवपार्वती द्यूतात रंगली आहेत. खाली नंदी, आणि त्याच्याभोवती गणांची थट्टामस्करी चालली आहे. वर ईश्वराचा डाव आणि खाली बिचाऱ्या बैलाची फजिती! दोन्ही एकाच चौकटीत बसवून त्या कारागिराने एका अक्षरावाचून जी गंमत साधली, ती साधण्यासाठी आजच्या चित्रकारास पात्रांच्या तोंडाशी वाक्यांचे फुगे काढावे लागतात.

जेजुरीकडेही असेच. खंडोबा म्हाळसेशी सारिपाट खेळताना हरला, बारा वर्षांच्या वनवासास निघाला, आणि धनगराच्या घरी चाकरीस राहून बाणाई घेऊन परतला. (मार्दोळची महालसा ती वेगळी, हे गोमंतकीय वाचकांस सांगणे नलगे.) वाघ्यामुरळीच्या जागरणात दोन सवतींची भांडणे ऐकताना भाविक पोट धरून हसतात, आणि भंडाराही कपाळी लावतात.

आता महाभारतातील द्यूत पाहा. फासे तेच, हरणेही तेच, परंतु तेथे कोणासही हसू येत नाही. कैलासावर जे हरले जाते ते हरणाऱ्याचे स्वतःचे असते आणि परत मिळण्याजोगे असते. हस्तिनापुरात मात्र दुसऱ्याचा देह पणास लागतो. आधी स्वतःस हरलेल्या पतीला पत्नी पणास लावण्याचा अधिकार उरतो काय, हा द्रौपदीचा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने बिनतोड आहे, आणि भीष्मासारख्यासही त्याचे सरळ उत्तर देता आले नाही. तेथे थट्टा करू पाहणारा कर्ण निर्लज्ज दिसतो, विनोदी दिसत नाही.

परदेशी चित्रमालिकांसही हीच कसोटी लावावी. रिच बर्लू याची ‘द ऑर्डर ऑफ द स्टिक’ ही मालिका २००३ साली सुरू झाली. काड्यांची माणसे, आणि १९७४ साली निघालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाचे नियम. पहिल्याच भागात नियमांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघते आणि भुयारात उभ्या असलेल्या पात्रांवर तिचा अंमल तत्काळ सुरू होतो. खटला चालू असताना कायद्यात दुरुस्ती झालेली ज्याने अनुभवली आहे, त्यास तो खेळ ठाऊक नसला तरी हसू येईल. याउलट केवळ खेळातील नावे उच्चारून ‘ओळखले ना?’ असे वाचकास विचारणाऱ्या मालिका पुष्कळ आहेत. ओळख पटल्याचा आनंद खरा. पण त्याला विनोद म्हणवत नाही.

आम्हांस चिंता आहे ती निराळीच. अलीकडे पाहण्यात आलेल्या काही माहितीपत्रकांत मंगेशाची कथा सांगताना द्यूताचा भाग गाळलेला, आणि पार्वतीची अडखळ ‘स्तुती’ म्हणून सांगितलेली आढळली. देवाची थट्टा झाली असे कोणास वाटू नये, हा हेतू असावा. पण ज्या पूर्वजांनी ही कथा जपली, ते भक्तीत आपल्याहून उणे होते काय? १५६० साली पोर्तुगीजांच्या जाचामुळे कुशस्थळीहून देवास जुवारीपार प्रियोळास न्यावे लागले. द्यूतात हरून घर सोडलेल्या देवास दुसऱ्यांदा घर सोडावे लागले, तेही कोणता डाव न खेळता. त्या वेळी हसण्याजोगे काही नव्हते. तरीही वाघ, घाबरलेली पार्वती आणि ते अर्धवट नाव, यांतले काहीही त्यांनी मागे टाकले नाही.

पुढे १७३९ साली पेशव्यांकडून मंगेशी गाव देवस्थानास मिळाला, तो रामचंद्र मल्हार सुखटणकर यांच्या सांगण्यावरून. रामचंद्रबाबा हे राणोजी शिंद्यांचे दिवाण; उज्जयिनीचे महाकालाचे देऊळही त्यांनीच पुन्हा उभे केले. १८१० साली दौलतरावांचा तळ येथे स्थिरावून लष्कर वसले आणि गोरखीचा वाडा शिंद्यांचे घर झाला, तो बाबांच्या पश्चात बऱ्याच वर्षांनी. द्यूतात सर्वस्व हरलेल्या देवास गाव मिळवून दिला तो शिंद्यांच्या दिवाणाने, असे गोरखीच्या अंगणात आम्ही मुलांना सांगतो, तेव्हा ती हसतात आणि पुढची गोष्ट विचारतात.