केस, अंगठ्या आणि सूर्यास्त : ‘द आउटसायडर्स’मधील प्रतीके

कादंबरीतील प्रतीकांची यादी करून ती शिकवणे सोयीचे असते. पण त्यात प्रतीकांचा इतिहास निसटून जातो. एस. ई. हिंटन या अमेरिकन लेखिकेची ‘द आउटसायडर्स’ (१९६७) या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. खनिज तेलाच्या पैशावर वाढलेल्या ओक्लाहोमामधील टल्सा शहरात, शाळेत असतानाच हिंटन यांनी ती लिहिली. प्रकाशनसमयी त्या १८ वर्षांच्या होत्या. गरीब वस्तीतले ‘ग्रीझर’ आणि श्रीमंत घरांतले ‘सोश’ यांचे वैर हा तिचा विषय.

‘ग्रीझर’ हे नाव मुलांच्या तेलकट केसांवरून पडले असावे, असे सहज वाटते. पण हा शब्द जुना आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात तो मेक्सिकन लोकांना हिणवण्यासाठी वापरला जाई. कॅलिफोर्नियाने १८५५ साली केलेला भटकेगिरीविरोधी कायदा याच नावाने ओळखला गेला. पुढे तो गोऱ्या कामगारवर्गातील तरुणांना चिकटला. म्हणजे वर्गाची हेटाळणी करण्यासाठी समाजाने वंशाच्या हेटाळणीचा शब्द उसना घेतला. कादंबरीत या भूतकाळाचा उच्चार नाही. मुले मात्र तेच नाव अभिमानाने मिरवतात.

त्यामुळे पोनीबॉयच्या लांब केसांना केवळ ‘बंडखोरीचे प्रतीक’ म्हणणे अपुरे ठरते. ज्याच्याजवळ मोटार नाही, भारी कपडे नाहीत, त्याची मिळकत ती हीच. बॉबच्या मृत्यूनंतर पोनीबॉय आणि जॉनी एका ओसाड चर्चमध्ये लपतात आणि ओळख पटू नये म्हणून केस कापतात. पकडल्या गेलेल्या ग्रीझरचे केस न्यायाधीश आधी कापायला लावतात, हे दोघांना ठाऊक आहे. कायद्याने जी शिक्षा दिली असती, ती ते स्वतःच्या हाताने भोगतात.

याच्या समोर बॉबच्या अंगठ्या ठेवून पाहाव्यात. त्या संपत्तीचे भूषण आहेत आणि शस्त्रही. जॉनीच्या गालावरचा व्रण त्यांचाच. एका वर्गाचा अलंकार दुसऱ्या वर्गाच्या देहावर जखम होऊन उमटतो. वर्गभेदाविषयी कादंबरीत जी चर्चा आहे, तिच्याहून हा व्रण अधिक सांगतो.

सोनेरी रंगाचे प्रतीक सर्वांत परिचित. चर्चमधील पहाटे पोनीबॉय रॉबर्ट फ्रॉस्टची १९२३ सालची कविता म्हणतो. निसर्गातील पहिला सोनेरीपणा टिकत नाही, हा तिचा आशय. निरागसतेच्या क्षणभंगुरतेशी त्याचा संबंध बहुतेक अध्यापक जोडतात. पण त्या वेळी पोनीबॉयच्या डोक्यावरचे सोनेही खरे नाही. पेरॉक्साइडने रंगवलेले, भीतीपोटी पत्करलेले आहे. नैसर्गिक सोने गमावण्यासाठी आधी ते लाभावे लागते. या मुलांना बालपणच पुरते लाभलेले नाही, ही बाजू कवितेच्या गोडव्यात झाकली जाते.

उरतो सूर्यास्त. पोनीबॉय आणि चेरी शहराच्या दोन टोकांवरून एकच सूर्यास्त पाहतात, म्हणून तो समतेचे प्रतीक मानला जातो. मात्र त्याच रात्री चेरी त्याला सांगते, की शाळेत आपण बोललो नाही तर मनाला लावून घेऊ नकोस. आकाश सामाईक असले, तरी शाळेचा व्हरांडा सामाईक नाही. सूर्यास्ताचा अर्थ चेरीच्या या वाक्यासह वाचला, तरच हिंटन यांच्या कादंबरीला न्याय मिळतो.